‘११ फायनल’ अशी पट्टी लावणाऱ्यास

मलकापूर, ता. शाहूवाडी
नोव्हेंबर २०२५

भावा,

तुझा पेन ड्राइव्ह माझ्याकडे आहे. चार वर्षं झाली. काळा, टोपण हरवलेला, आणि त्यावर सेलोटेपनं चिकटवलेली पांढऱ्या कागदाची पट्टी. पट्टीवर निळ्या बॉलपेननं तुझं अक्षर : ‘११ फायनल’. जून २०२१ मध्ये तू माझ्या दुकानातून गेलास तेव्हा तो सीपीयूच्या मागं तसाच लागलेला राहिला. तुला फोन केले. पहिले दोन दिवस उचललेस, मग उचलायचं बंद केलंस. म्हणून आता हे सगळ्यांसमोर लिहितोय. तुझं नाव लिहिणार नाही. नाव लिहिलं की लोक म्हणतील दोघांचं भांडण आहे. बांबवड्यापासून आंब्यापर्यंत ज्यांच्या ज्यांच्या मशीनला तू हात लावलास त्या सगळ्यांचं हे भांडण आहे.

पट्टीवर शब्द दोन, आणि दोन्ही खोटे. १८ जूनला, शुक्रवारी, तू ते माझ्या मशीनवर मारलंस. त्या दिवशी ‘विंडोज ११’ हे नाव मायक्रोसॉफ्टनं जाहीरसुद्धा केलं नव्हतं. ते जाहीर झालं २४ जूनला. तुझ्याकडं होती ती १५ जूनला इंटरनेटवर फुटलेली प्रत, बिल्ड २१९९६. परीक्षेआधी पेपर फुटावा तशी ती फुटली होती. ज्यांनी हौसेनं चाचणीला नाव नोंदवलंय त्यांच्यासाठी पहिली अधिकृत प्रत २८ जूनला आली, आणि सर्वसामान्यांसाठी विंडोज ११ आलं ५ ऑक्टोबरला. म्हणजे ‘फायनल’ म्हणून तू ज्याचे पाचशे रुपये घेतलेस, ते फायनल व्हायला अजून साडेतीन महिने होते. तू अंतर्यामी होतास की लबाड, एवढंच मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.

त्या आठवड्यात मी घरी होतो. कोरोना झालेला, माडीवरच्या खोलीत एकटा. दुकान पुतणी बघत होती, एकोणीस वर्षांची पोर. तू तिला काय म्हणालास ते तिनं मला शब्दाला शब्द सांगितलंय. ‘‘मशीन स्लो झालंय, दहा काढून अकरा टाकतो, काका खूश होतील.’’ तिनं विचारलं, आतलं काही जाणार नाही ना? तू म्हणालास, ‘‘काही जात नाही गं, बिनधास्त राहा.’’ आणि सी ड्राइव्ह फॉरमॅट मारलास.

डेस्कटॉपवर एक फोल्डर होतं. बचत गटाचं. तेरा बायका, अकरा वर्षांचा हिशोब. कुणी किती भरले, कुणी किती उचलले, कुणाचं व्याज राहिलं. दर महिन्याला गटाच्या अध्यक्षबाई वही घेऊन यायच्या आणि आम्ही ते आकडे एक्सेलमध्ये चढवायचो. मार्च २०२० पर्यंतचं सगळं डी ड्राइव्हवर दुसऱ्या जागी ठेवलेलं होतं. त्यानंतर लॉकडाऊन लागला, दुकान कधी उघडं कधी बंद, आणि मी बॅकअप घेतला नाही. ती चूक माझी. ती मी त्या तेराजणींसमोर उभं राहून कबूल केली. पंधरा महिन्यांचा हिशोब त्या एका फोल्डरमध्ये होता, आणि तो ‘काही जात नाही’ म्हणत तू पुसलास.

पुतणीला मी बोललो. फार बोललो, फोनवरून, ताप असताना. ते शब्द तुझ्या वाट्याचे होते. ती रडत होती आणि ‘‘त्यांनी सांगितलं काही जात नाही’’ एवढंच म्हणत होती. भावा, तुला बहीण आहे का?

आता मुख्य गोष्ट. शनिवारी सकाळी दुकानात एक आजी आल्या. वरच्या वाडीवरून वडापनं. निराधार योजनेचे पैसे काढायला. आमच्याकडं थंब मशीन आहे. आधारला जोडलेल्या खात्यातले पैसे अंगठा लावून काढता येतात, हे तुला मी सांगायला नको. पुतणीनं अंगठा ठेवायला सांगितलं. मशीनचा दिवा लागला नाही. पुन्हा ठेवला. तर्जनी ठेवली. मधलं बोट ठेवलं. आजींनी बोट पदराला पुसलं, तोंडाजवळ नेऊन फुंकर मारली, पुन्हा काचेवर दाबलं. दहा-बारा वेळा. शेवटी त्या म्हणाल्या, ‘‘माझं बोटच झिजलंय पोरी. शेणामातीत सगळं गेलं बघ.’’

बोट झिजलेलं नव्हतं. थंब मशीनचा ड्रायव्हर चढलाच नव्हता. असली यंत्रं बनवणारे लोक आपला ड्रायव्हर बाजारात असलेल्या विंडोजवर तपासून देतात. फुटलेल्या प्रतीवर तो चालेल की नाही, हे कुणी कधी तपासलेलंच नसतं, तपासणार कसं? हे त्या आजींना कुठून कळावं? आयुष्यभर खुरपं धरलेल्या बाईनं दोष स्वतःच्या बोटाला दिला आणि दोन्ही बाजूंचं वडापचं भाडं घालवून मोकळ्या हातानं परत गेल्या. पुतणीनं मला हे सांगितलं तेव्हा माझा ताप उतरला होता, राग चढला होता. तो अजून उतरलेला नाही.

तू म्हणशील, काकांना नवं काही नको असतं. म्हणून सांगतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये विंडोज १० ची पहिली चाचणी-प्रत आली तेव्हापासून मी या प्रती टाकून बघतोय. त्यासाठी एक जुना लॅपटॉप वेगळा ठेवलाय. त्यात कुणाचा दाखला नसतो, कुणाचा हिशोब नसतो, माझ्या घरातला एक फोटोसुद्धा नसतो. बिघडला तर बिघडला. या प्रती देणारी मंडळी स्वतःच सांगतात की कामाच्या मशीनवर टाकू नका. २०२१ ला त्यांचे टप्पे होते : डेव्ह, मग बीटा, मग रिलीज प्रीव्ह्यू. पहिल्या टप्प्यावर रोज काहीतरी मोडतं, शेवटच्या टप्प्यावर क्वचित. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत बिल्डचा नंबर आणि ही चाचणीची प्रत असल्याची ओळ असते. प्रतीला मुदत असते. मुदत संपली की मशीन आधी बजावतं, मग चालायचं थांबतं. काही बिघडलं तर फीडबॅक हब नावाच्या जागी लिहायचं : काय करत होतो, काय झालं, कोणत्या बिल्डवर. चाचणी-प्रत कोलमडली तर पडदा नेहमीच्या रंगाऐवजी हिरवा होतो, का तर नुसत्या फोटोवरूनही कळावं की ही चाचणीतली मोडतोड आहे. इतकी काळजी घेतलेली असते.

आणि तुझं ते ११ मी बघितलं. कोरोनातून उठल्यावर, दुकानात, रात्री साडेनवाला, शटर अर्धं खाली ओढून. खरं सांगायचं तर पहिल्या पाच मिनिटांत मला ते आवडलं. खिडक्यांचे कोपरे गोल झाले होते. मशीन सुरू होताना एक मऊ आवाज आला. खिडकी मोठी करायच्या बटणावर माऊस नुसता धरला की मांडणीचे नमुने पुढं येत : अर्धं-अर्धं, एक मोठं दोन लहान, चार चौकोन. माझं काम दिवसभर एका बाजूला सातबारा आणि दुसऱ्या बाजूला अर्ज असंच असतं. ही सोय कुणीतरी माझ्यासारख्याला डोळ्यांसमोर ठेवून केली असावी असं वाटलं. स्टार्टचं बटण मात्र डाव्या कोपऱ्यातून उठून मधे येऊन बसलं होतं. पुतणीचा हात सारखा कोपऱ्यात जायचा, तिथं काही नसायचं, मग मधे यायचा. हे सवयीनं जातं, आणि सेटिंगमधून बटण परत डावीकडं नेताही येतं. पण आत गेलं की उघडं पडत होतं. सेटिंग्जची पानं सगळी दहाचीच. पुढचा व्हरांडा रंगवलाय आणि मागची भिंत अजून विटांची आहे, असं ते घर होतं. त्यात चूक काहीच नाही, बांधकाम चालू होतं. बांधकाम चालू असलेल्या घरात तू माणसं राहायला घातलीस.

मग मी माझा कागद काढला. कोणतीही नवी सिस्टिम आली की मी आधी हा कागद टाइप करून बघतो. त्यावर पहिला शब्द आहे कऱ्हाड. मग शेतकऱ्यांच्या, दुसऱ्या, तऱ्हा, ॲम्ब्युलन्स, ॲड., ज्ञानेश्वर, लक्ष्मी, रु आणि रू, शेवटी पाकळीचा ल आणि देठाचा श. हे वेड नाही, पोटापाण्याचं आहे. मराठीतला हा अर्धा चंद्रासारखा ऱ्‍ हिंदीवाल्यांना लागत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी तो शेवटी तपासला जातो किंवा तपासलाच जात नाही. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी, मग पुढचं अक्षर. ते नीट जुळलं नाही तर ‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दाचे तुकडे पडतात, आणि हा शब्द माझ्या दुकानात दिवसातून पन्नास वेळा लागतो. ॲ या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ साली मिळाली; त्याआधीच्या मशीनवर ॲड. लिहिलं की वकिलाच्या नावाआधी रिकामा चौकोन दिसायचा. २००९ साली राज्य शासनानं मराठी वर्णमाला ठरवून देणारा निर्णय काढला. कागदावर आपण एवढं पुढं आलो ते कुणीतरी बसून एकेक अक्षर तपासलं म्हणून. पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत माणसांनी यावर वर्षानुवर्षं घालवली आहेत.

माझा कागद त्या रात्री त्या पडद्यावर नीट उमटला. बरं वाटलं. आणि त्याच वेळी वाईटही वाटलं, कारण तिथं दिसलेलं दुसरं काहीही, थंब मशीनचं न चालणं, जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं लॉक न ओळखणं, मी कुणाला कळवणार होतो? फुटलेल्या प्रतीची तक्रार घ्यायला कुणी बसलेलं नसतं. हेच थंब मशीन मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर, अधिकृत चाचणी-प्रतीवर लावून बघितलं असतं, बंद पडलं असतं तर बिल्डच्या नंबरासकट चार ओळी लिहिल्या असत्या, आणि कदाचित ५ ऑक्टोबरच्या आधी कुणीतरी त्यात लक्ष घातलं असतं. चाचणी म्हणजे हेच. तिच्यात त्रास सोसणाऱ्याला माहीत असतं की तो त्रास कशासाठी सोसतोय. त्या आजींना तू चाचणीला बसवलंस आणि त्यांना सांगितलं नाहीस.

आमच्याकडं नवं भात आलं की माणूस ते आधी एका वाफ्यात लावतो. बी देणारा कितीही भरवशाचा असू दे. वर्षाचं पोट त्या शेतावर असतं. तूही इथल्याच मातीतला, तुझ्या वडिलांनी कधी सगळ्या रानात न बघितलेलं बी टाकलं असेल असं मला वाटत नाही.

त्याच रात्री मी हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवली. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही, तिची जागा फक्त मोकळी म्हणून धरली जाते. तिच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं की मग ती खरी जाते. तू संपूर्ण विंडोज तिच्यावर लिहून ठेवलंस, वर पुतणीनं दोन-तीन दिवस त्यावर काम केलं. तरी म्हटलं बघू. डिस्क कोल्हापूरला पाठवली. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागला तो तुला आठवत असेल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वेळी पाणी पन्नासच्या कितीतरी वर गेलं. रत्नागिरी रस्ता बंद. डिस्क तिकडं, आम्ही इकडं, लाईट नाही. ऑगस्टमध्ये ती परत आली तेव्हा पंधरा महिन्यांपैकी चार महिन्यांची पानं मिळाली, तीही नावं गेलेली, नुसत्या आकड्यांच्या फाइली, काही अर्ध्यावर तुटलेल्या.

मग अध्यक्षबाई वह्या घेऊन आल्या. तीन संध्याकाळी आम्ही दुकानात सतरंजी टाकून बसलो : त्या, पुतणी, मी, आणि बँकेची पासबुकं. बहुतेक जुळलं. एका वहीची शेवटची पानं पावसात भिजून एकमेकांना चिकटली होती. मी ती ब्लेडनं सोडवायला गेलो, शाई दुसऱ्या पानावर उतरली होती. त्या पानांवर सहाशे रुपयांची एक नोंद होती की नव्हती, हे आजतागायत ठरलेलं नाही. एक बाई म्हणते मी भरले. दुसरी, जिनं त्या महिन्यात पैसे गोळा केले, ती म्हणते माझ्या हातात आले नाहीत. दोघी खोटं बोलत नसाव्यात असं मला वाटतं. गटानं सहाशे रुपये सगळ्यांत वाटून घेतले, हिशोब मिटला. त्या दोघी मिटल्या नाहीत. शेजारी राहतात, एका नळावर पाणी भरतात, बोलत नाहीत.

हे सगळं उकरून काढायचं कारण सांगतो. गेल्या महिन्यात १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि तू परत दिसायला लागलास. ‘दहा बंद पडणार, मशीन उडणार’ म्हणून तू लोकांना घाबरवतोयस असं कानावर आलं. आणि आता म्हणे तुझ्याकडं ‘१२’ आहे. तसलं एका शिक्षकाचं मशीन माझ्याकडं दुरुस्तीला आलं. मी उघडून बघितलं. बारा-बिरा काही नाही. आज बाजारात तसं काही आलेलंच नाही. ११ चीच चाचणी-प्रत, वरून रंगवलेली, आणि उजव्या कोपऱ्यातली ती बारीक ओळ तू मुद्दाम एका टूलनं झाकलेली. २०२१ ला तुला कदाचित कळलं नसेल, एवढा फायदा मी तुला आजवर देत होतो. ती ओळ झाकणाऱ्याला सगळं कळतं. मुदत संपल्यावर ते मशीन बंद पडेल तेव्हा तो शिक्षक तुला फोन करेल, आणि तू उचलणार नाहीस.

लोकांची अडचण खरी आहे, ते मी नाकारत नाही. ११ ला आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, टीपीएम २.० ची चिप लागते. इंटेलची आठवी पिढी २०१७ ला आली. आपल्या तालुक्यातल्या दुकानांत, शाळांत, सोसायट्यांत त्याच्या आधीची कितीतरी मशीनं आहेत. माझं दुकानातलंच २०१४ चं आहे, चौथ्या पिढीचं. चालणारी मशीनं अशी बाद ठरवणं मला पटलेलं नाही आणि मी ते कुणापुढंही बोलेन. पण म्हणून लोकांना खोटं सांगायचं? दहा चालू राहतं, १४ तारखेला कुठलंही मशीन उडालेलं नाही. फक्त सुरक्षेची अपडेट थांबतात. तीसुद्धा नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, आणि सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्याला जोडला तर त्याला पैसे पडत नाहीत. हे करून द्यायला पंधरा मिनिटं लागतात. त्याचे शंभर रुपये घे, लोक आनंदानं देतील. नुसतं टायपिंग आणि इंटरनेट असेल तर जुन्या मशीनवर सी-डॅकचं बॉस लिनक्स टाकून दे, ते २००७ पासून आहे आणि फुकट आहे. तुझा हात चांगला चालतो, हे मी बघितलंय. स्क्रू न बघता काढतोस. त्या हाताचा राग येत नाही. ज्या तोंडानं तू एका पोरीला ‘काही जात नाही’ म्हणालास त्याचा येतो.

पेन ड्राइव्ह न्यायला ये. पट्टी मी काढलेली नाही, आहे तशीच आहे. दुकान सकाळी साडेसातला उघडतं. सहाशे रुपयांवरून बोलणं तुटलेल्या त्या दोघींपैकी एक डेअरीला दूध घालून त्याच वेळी दुकानावरून जाते, रिकामी किटली हातात. पुतणी आता दुकान एकटी बघते. ती तुला ओळखेल. पैसे परत आणू नकोस. त्या बाईला थांबवून सहाशे रुपयांची नोंद कशी गेली ते तुझ्या तोंडानं सांग, मग तिच्या शेजारणीलाही सांग.

– काका, झेरॉक्सवाले